मेणबत्तीला चावी नसते

भेट म्हणून मिळालेली एक सुगंधी मेणबत्ती बरेच दिवस कपाटात पडून होती. जाड काचेच्या पेल्यात ओतलेलं पांढरंशुभ्र मेण आणि मधोमध एक वात. एका संध्याकाळी ती लावली. अर्ध्या तासात खोलीभर वास दरवळला आणि मग मला आठवलं, की यांच्यावर काहीतरी सूचना छापलेल्या असतात. शोधल्या तर त्या पेल्याच्या बुडाला चिकटवलेल्या! पेटत्या मेणबत्तीचं बूड वाचायचं म्हणजे पेला डोळ्यांच्या वर धरायला हवा. मी धरला. जरासा कलला असेल, वितळलेलं मेण काठावरून थेट मनगटावर आलं. फार भाजलं नाही. पण ‘पेटलेली असताना हलवू नका’ हे ज्या कागदावर छापलं होतं, तोच वाचायला मी ती हलवली होती, हे जास्त झोंबलं.

कागदावर आणखी बरंच काही होतं. वात सहा मिलिमीटर ठेवा. पहिल्यांदा लावाल तेव्हा मेण काठापर्यंत वितळू द्या. सलग चार तासांपेक्षा जास्त जाळू नका. तळाशी एक सेंटिमीटर मेण उरलं की वापर थांबवा. वाऱ्याच्या झोतात ठेवू नका. आज्ञा भरपूर, कारण एकाचंही नाही. आणि ज्या आज्ञेचं कारण कळत नाही ती आपण दोनदा पाळतो, तिसऱ्यांदा विसरतो. म्हणून ही कारणं सांगण्याचा खटाटोप.

जळतं नेमकं काय?

मेण जळतं, असं आपण म्हणतो. पण मेणाच्या गोळ्याला पेटती काडी लावून बघा. तो मऊ होईल, ओघळेल, पण पेटणार नाही. वितळलेल्या मेणाला काडी लावली तरी सहसा काडीच विझते. वात जळते म्हणावं, तर नुसत्या सुती दोऱ्याला काडी लावा, क्षणभरात राख हातात येते. मेणबत्तीतली वात मात्र तासन्‌तास टिकते.

माझ्या भाचीने एकदा हनुवटी टेबलावर टेकवून बराच वेळ ज्योतीकडे टक लावून पाहिलं आणि विचारलं, “मावशी, आग वातीला चिकटलेलीच नाहीये. मधे फट आहे. मग जळतंय काय?” तिने पाहिलं ते बरोबर होतं. वातीभोवती एक काळसर, जवळजवळ पारदर्शक जागा असते. तिच्या तळाशी निळी कड आणि वर पिवळा उजेड. त्या काळसर जागेत मेणाची वाफ असते. जळते ती ही वाफ.

ज्योतीच्या धगीने वरचं मेण वितळतं. टॉवेलचं एक टोक बादलीत बुडलं की थोड्या वेळाने वरचा भागही ओला होतो, तसं हे पातळ मेण वातीच्या धाग्यांमधून वर चढतं. याला केशाकर्षण म्हणतात. वर गेलेलं मेण धगीने उकळून त्याची वाफ होते, ती कडेच्या हवेला भेटते आणि तिथे पेटते. त्या आगीची धग पुन्हा खालचं मेण वितळवते. म्हणजे मेणबत्ती ही आपलं इंधन आपणच तयार करून घेणारी शेगडी आहे.

मायकेल फॅरेडे या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८४८ साली आणि पुन्हा १८६० मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर फक्त मेणबत्ती या एका विषयावर व्याख्यानमाला दिली. त्यातला एक प्रयोग कुणालाही जमेल. मेणबत्ती फुंकून विझवली की वातीतून पांढरट धुराची रेघ वर जाते. त्या रेघेला, वातीपासून बोटभर वर, पेटती काडी लावली की आग धुरातून खाली उडी मारते आणि वात पुन्हा पेटते. आपण ज्याला धूर म्हणतो ती थंड होत चाललेली मेणाची वाफच असते, म्हणून हे जमतं.

आता आकडे. एक मध्यम मेणबत्ती तासाला साधारण सहा-सात ग्रॅम मेण जाळते. त्यातून मिळणारी उष्णता सुमारे ८० वॉट, म्हणजे शांत बसलेल्या माणसाच्या शरीरातून बाहेर पडते जवळपास तेवढीच. खोली तापवायला ती पुरणार नाही. पण माणसाची उष्णता अंगभर पसरलेली असते आणि मेणबत्तीची अंगठ्याएवढ्या जागेत गोळा झालेली. ज्योतीच्या सर्वांत तप्त भागाचं तापमान १,४०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. धोका आहे तो या एकवटण्यात.

वात हीच चावी

कंदिलाला चावी असते. फिरवली की वात वरखाली होते, ज्योत लहानमोठी होते. गॅसच्या शेगडीलाही नॉब असतो. मेणबत्तीला असं काही नसतं. ज्योत किती मोठी व्हावी हे ठरवणारी एकच गोष्ट तिच्यापाशी असते, ती म्हणजे वात. वात जेवढी लांब आणि जाड, तेवढं जास्त मेण वर खेचलं जातं आणि तेवढी जास्त वाफ होते.

हवा मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. ती ज्योतीच्या कडेकडेनेच आत शिरते. वाफ जास्त आणि हवा अपुरी असली की वाफेतला सगळा कार्बन जळत नाही आणि उरलेला काजळी होऊन बाहेर पडतो. तसं पाहिलं तर मेणबत्तीचा पिवळा उजेडही काजळीचाच आहे. ज्योतीच्या पोटात कार्बनचे अतिसूक्ष्म कण तापून चमकत असतात आणि नीट चाललेल्या मेणबत्तीत ते ज्योतीच्या टोकापर्यंत पोहोचता पोहोचता जळून जातात. वात लांब झाली की काही कण निसटतात. छतावर काळा डाग, पेल्याच्या काठाला काळी कड, ज्योत उंच आणि फडफडणारी, ही त्याची लक्षणं. यांपैकी काहीही दिसलं तर वात वाढली आहे असं समजावं.

पूर्वीच्या लोकांचा या बाबतीत चांगलाच पिट्टा पडत असे. साध्या पिळाच्या दोऱ्याची वात जळून आखूड होत नसे, ज्योतीच्या मधोमध ताठ उभी राही. ज्योतीच्या पोटात हवा नसते, त्यामुळे टोक जळून न जाता नुसतं काळं पडून वाढत जाई. म्हणून दर थोड्या वेळाने ते खुडायला लागे आणि त्यासाठी खास कात्र्या असत. १८२५ च्या सुमारास कांबासेरेस नावाच्या फ्रेंच माणसाने वेणी घातल्यासारखी विणलेली वात आणली. अशी वात जळताना एका बाजूला वाकते, तिचं टोक ज्योतीच्या पोटातून बाहेर हवेत येतं आणि तिथे जळून राख होतं. वात स्वतःच स्वतःची काजळी काढू लागली. आजच्या उभ्या, साध्या मेणबत्त्यांच्या वाती अशाच असतात, त्यांना सहसा कात्री लावावी लागत नाही.

मग पेल्यातल्या मेणबत्तीची वात का कापायची? एक तर त्या मेणात सुगंधी तेल आणि रंग असतात, ते वातीत अडकून साचतात. दुसरं म्हणजे काठांच्या आत हवा कमी पोहोचते. परिणामी वातीच्या टोकाला काळं बोंड धरतं. ते बोंड म्हणजे आयतं फुगलेलं बर्नर. त्यातून वाफ जास्त सुटते, ज्योत दुप्पट होते, काजळी वाढते, आणि बोंड तुटून मेणात पडलं तर तिथे दुसरी वात तयार होते.

हे शेवटचं नीट लक्षात घ्यायला हवं. ज्याला मेण शोषून घेता येतं आणि जे जळू शकतं, अशी कोणतीही वस्तू वातीचं काम करते. जळकी काडी, कापलेल्या वातीचा तुकडा, उडून पडलेला कागदाचा कपटा. हल्ली मेणावर सुकवलेल्या पाकळ्या, पानं, काड्या रोवून मेणबत्त्या सजवतात. फोटोत फार देखण्या दिसतात. पेटवल्यावर मात्र त्यातली प्रत्येक पाकळी ही आपण न मोजलेली वात असते. मला विचाराल तर अशा मेणबत्त्या नुसत्या मांडून ठेवाव्यात, लावायचा मोह झालाच तर सजावट आधी उपटून काढावी.

वात कापायची ती मेणबत्ती पूर्ण थंड असताना, साधारण सहा मिलिमीटर ठेवून, आणि तुकडा आत पडू न देता. फार आखूडही नको. मग ती वितळलेल्या मेणात बुडते आणि गुदमरून विझते.

झळ वर जाते

मेणबत्तीच्या बाजूला चार बोटांवर हात धरा. ऊब लागेल, पण हात खुशाल ठेवता येईल. आता तोच हात ज्योतीच्या वर दोन वितींवर न्या. तिथेही हात फार वेळ ठेवावासा वाटणार नाही. (ढगळ बाही असेल तर हा प्रयोग करू नका.)

तापलेली हवा हलकी होऊन सरळ वर उठते आणि तिची जागा घ्यायला खालून गार हवा येते. ज्योतीला निमुळता आकार येतो तो याच ओढीमुळे. अंतराळात हा वर-खाली प्रकार नसतो. तिथे केलेल्या प्रयोगांत मेणबत्तीची ज्योत एका मंद निळ्या गोळीसारखी झालेली दिसली. जमिनीवर मात्र प्रत्येक मेणबत्तीच्या डोक्यावर गरम हवेचा एक न दिसणारा खांब उभा असतो. आपण नजरेने अंतर मोजतो ते ज्योतीपासून. मोजायला हवं या खांबापासून.

त्यामुळे पुस्तकांच्या फळीवर, वरच्या फळीखाली ठेवलेली मेणबत्ती बाजूने कितीही मोकळी दिसली तरी चुकीच्या जागी आहे. वरच्या लाकडाला ज्योत शिवत नाही, पण तासभर लागलेली धग त्याला आधी करपवते आणि मग पेटवते. टांगलेला कागदी दिवा, भिंतीवरचं कापडी तोरण, वर लोंबणारी पानं, सगळ्यांची गत तीच.

जळू शकणाऱ्या वस्तू चारी बाजूंनी किमान ३० सेंटिमीटर लांब असाव्यात, असं अग्निसुरक्षेच्या सल्ल्यांमध्ये सांगितलेलं असतं. वर त्याहून बरीच मोकळी जागा हवी. अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या नोंदी पाहिल्या तर घरातल्या मेणबत्तीमुळे लागलेल्या पाच आगींपैकी साधारण तीन आगींत कारण एकच आढळतं: पडदा, अंथरूण, फर्निचर किंवा सजावट मेणबत्तीच्या फार जवळ होती. एक तृतीयांशाहून जास्त आगी झोपण्याच्या खोलीत सुरू झालेल्या.

पडद्याच्या बाबतीत एक फसवणूक होते. मेणबत्ती लावताना पडदा दोन हात लांब असतो. मग कुणीतरी खिडकी उघडतं किंवा पंखा लावतं. पडदा फुगून मेणबत्तीकडे येतो. तेव्हा अंतर मोजायचं ते पडदा पुरता फुगल्यावर जिथे पोहोचेल तिथून. वाऱ्याने आणखी दोन गोष्टी होतात. ज्योत एका बाजूला कलते, त्यामुळे मेण एकाच कडेने वितळून ओघळतं, आणि ज्योतीला नीट हवा मिळेनाशी होऊन काजळी सुटते. पंख्याखालची मेणबत्ती म्हणूनच नेहमी काळी ओकते.

काचेत आहे ना, मग कसली भीती?

ही शंका सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि ती चुकीची का आहे हे समजायला काचेचा स्वभाव माहीत हवा. काच उष्णता पटकन पसरू देत नाही. एका जागी तापली की ती जागा प्रसरण पावते, शेजारची थंड काच तिला सरकू देत नाही, आणि हा ताण असह्य झाला की तडा जातो. गार पेल्यात उकळतं पाणी ओतल्यावर होतं तेच. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून ती टिकते. आपल्या घरातला पाण्याचा पेला साध्या काचेचा असतो. जुन्या पेल्यात किंवा बाटलीच्या कापलेल्या बुडात घरी मेण ओतणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मेणबत्तीचा पेला फुटण्याची शक्यता दोन वेळी जास्त असते. एक, वात कडेला सरकली आणि ज्योत काचेला चाटू लागली की. दुसरी वेळ मेण संपत आल्यावर येते. मेण हे इंधन तर आहेच, शिवाय ज्योत आणि बूड यांच्यामधली गादीही आहे. खाली येणारी उष्णता मेण वितळवण्यात खर्च होते. गादी पातळ झाली की तीच उष्णता थेट बुडाच्या काचेला आणि काचेतून टेबलाला मिळते. वात ज्या पत्र्याच्या चकतीवर उभी असते ती चकती तापते. तळाच्या एक सेंटिमीटर मेणाचा जो नियम आहे तो यासाठी. मला आधी वाटायचं, दुसरी मेणबत्ती लवकर विकत घ्यायला लावायची ही युक्ती असेल. बाकीच्या सूचनांबद्दल काय म्हणायचं ते म्हणा, ही एक मात्र खरोखर काचेसाठी आहे. उभ्या, बिनपेल्याच्या मेणबत्तीच्या बाबतीत तर पाच सेंटिमीटर उरल्यावरच थांबायला सांगतात.

‘पहिल्यांदा काठापर्यंत वितळू द्या’ ही सूचना सुरक्षेची कमी आणि काटकसरीची जास्त. अर्ध्या तासात विझवली तर मधे एक छोटं तळं होऊन गोठतं. पुढच्या वेळी ज्योत तेवढंच तळं पुन्हा वितळवते, मग आणखी खोल, आणि कडेचं मेण तसंच राहून मधे विहीर पडते. विहिरीत हवा कमी, म्हणून काजळी. अंदाज असा, की दर अडीच सेंटिमीटर व्यासाला एक तास. साडेसात सेंटिमीटरच्या पेल्याला तीन तास काढता येत नसतील तर त्या दिवशी लावूच नये.

आणि चार तासांची मर्यादा? तोवर वातीला बोंड धरलेलं असतं, मेणाचं तळं इतकं खोल झालेलं असतं की वात त्यात कलू शकते, आणि पेला वरपासून खालपर्यंत तापलेला असतो. विझवावी, थंड होऊ द्यावी, वात कापावी, मग हवी तर पुन्हा लावावी.

एकीजवळ एक, आणि मग पाणी

पत्र्याच्या छोट्या वाटीतल्या मेणबत्त्या, ज्यांना टीलाइट म्हणतात, त्या एकेकट्या निरुपद्रवी असतात. त्यातलं सगळंच मेण पातळ होतं, म्हणून तर त्यांना वाटी लागते. पण वीस-पंचवीस टीलाइट खेटून मांडल्या की त्या एकमेकींना तापवू लागतात. मधल्या मेणबत्तीला चहूबाजूंनी धग मिळते आणि तिच्या मेणाचं तापमान चढत जातं.

इथे एक शब्द समजून घेऊ. द्रवातून निघणारी वाफ ज्या तापमानाला काडी लावताच पेटण्याइतकी दाट होते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पॅराफिन मेणाचा फ्लॅश पॉइंट साधारण २०० अंशांच्या घरात असतो. नेहमीच्या मेणबत्तीत तळ्यातलं मेण याच्या आसपासही जात नाही, म्हणून आग वातीपुरती राहते. एकमेकींना तापवणाऱ्या मेणबत्त्यांमध्ये, किंवा वरून झाकण अर्धवट ठेवलेल्या भांड्यात, मेण तिथवर पोहोचू शकतं. मग वातीची गरजच उरत नाही, मेणाचा सगळा पृष्ठभाग पेटतो. दोन मेणबत्त्यांमध्ये सात-आठ सेंटिमीटर अंतर ठेवायचं ते हे टाळायला.

जाता जाता एक तुलना. हात स्वच्छ करायच्या अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरचा फ्लॅश पॉइंट खोलीच्या तापमानाच्याच आसपास असतो. हाताला लावल्या लावल्या काडी ओढू नये, हात पूर्ण वाळू द्यावेत. अल्कोहोलची ज्योत फिकट निळी असते, उजेडात चटकन दिसतही नाही.

मेणाने असा पेट घेतला तर हात आपोआप पाण्याकडे जातो. नेमकं तेच करायचं नाही. पाणी मेणापेक्षा जड, ते तळाशी जातं. तिथे शंभराच्या कितीतरी वर तापलेलं मेण असतं, त्यामुळे पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि वाफ पाण्याच्या सुमारे १,६०० ते १,७०० पट जागा मागते. ती उसळताना मेणाचे बारीक थेंब हवेत उडवते, आणि प्रत्येक थेंबाला आता चहूकडून हवा मिळते. पेलाभर आग छतापर्यंत उसळते. तापलेल्या तेलाच्या कढईत पाणी टाकू नये म्हणतात ते याच कारणाने. आग पेल्यापुरती असेल तर हवा तोडा: धातूचं झाकण किंवा ताटली बाजूने सरकवत वर ठेवा आणि थंड होईपर्यंत उचलू नका. भांडं उचलून बाहेर न्यायचा विचारही नको. आग पडद्यापर्यंत पोहोचली असेल तर सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि अग्निशमन दलाला फोन करा.

“आम्ही आयुष्यभर लावतोय, काही झालं नाही”

खरं आहे. बहुतेक मेणबत्त्या गुपचूप जळून संपतात. पण हिशेब करून बघा. दोन सेंटिमीटर जाडीची उभी मेणबत्ती तासाला जवळपास दोन सेंटिमीटर उतरते. वीज गेल्यावर रात्री नऊला बारा सेंटिमीटरची मेणबत्ती प्लॅस्टिकच्या झाकणावर, स्वतःच्याच मेणाने चिकटवून लावली, आणि वीज येण्याची वाट बघत डोळा लागला. ज्योत त्या झाकणापर्यंत पोहोचेल रात्री तीनला. घरात सगळे गाढ झोपलेले. आजवर काही झालं नाही, कारण बहुतेक वेळा वीज तीनच्या आधी आली आणि कुणीतरी उठून फुंकर मारली.

म्हणून मेणबत्ती जळणाऱ्या वस्तूवर उभी करू नये. धातूचं, चिनी मातीचं किंवा दगडी बूड हवं, आणि ते मेणबत्तीपेक्षा चांगलं रुंद हवं. वीज गेल्यावर फिरायला, शोधायला बॅटरीच घ्यावी. पेटती मेणबत्ती हातात धरून कपाटात डोकावणं म्हणजे टांगलेल्या कपड्यांच्या खाली ज्योत धरणं. घरात गॅसचा वास येत असेल किंवा कुणाला नळीने ऑक्सिजन दिला जात असेल, तर मेणबत्तीचं नावच काढू नये. लहान मुलं आणि मांजर असलेल्या घरात खोलीतून उठताना मेणबत्ती विझवायची, एका मिनिटासाठी उठत असलात तरी. मांजराला टेबलाच्या कडेवरची वस्तू खाली ढकलायला एक मिनिट पुरेसं होतं.

मेण कोणतं चांगलं?

या वादावर लोक फार शब्द खर्च करतात. पॅराफिन खनिज तेलातून येतं, सोयाचं मेण सोयाबीनच्या तेलापासून, आणि एक मेण मधमाश्यांचं. तिन्ही जळतात, तिन्हींतून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघते, आणि वात वाढली तर तिन्ही काजळी सोडतात. ‘नैसर्गिक’ लिहिलेली मेणबत्ती पडद्याला काही कमी पेटवत नाही. वातीचा प्रश्न मात्र एकेकाळी खरा होता. वात ताठ राहावी म्हणून काही ठिकाणी तिच्या गाभ्यात शिशाची तार घालत, आणि जळताना ते शिसं घरच्या हवेत येई. अमेरिकेत २००३ पासून अशा वातींना बंदी आहे. युरोपात तर मेणबत्त्यांसाठी स्वतंत्र मानकं आहेत: आगीच्या सुरक्षेचं ईएन १५४९३, काजळीचं ईएन १५४२६ आणि लेबलवरच्या सूचनांचं ईएन १५४९४. पेल्याच्या बुडाची ती छोटी चित्रं अशा मानकांतूनच येतात.

खोलीतला ऑक्सिजन संपेल ही भीतीही तपासून पाहू. तासाला सहा ग्रॅम मेण जाळायला साधारण १५-१६ लिटर ऑक्सिजन लागतो. शांत बसलेला माणूसही तासाला जवळपास तेवढाच वापरतो. म्हणजे एक मेणबत्ती लावली तर हवेच्या हिशेबात खोलीत एक माणूस वाढला. एका माणसाने खोली कोंदत नाही. बंद खोलीत तीस जण मात्र कुणी बसवणार नाही, मग तीस मेणबत्त्याही लावू नयेत. दम्याचा त्रास असलेल्यांनी सुगंध आणि धूर दोन्ही जपून घ्यावेत.

विझवायची कशी?

फुंकर मारली की दोन गोष्टी होतात. पातळ मेणाचे शिंतोडे उडतात, आणि वातीतून ती पांढरी वाफ बराच वेळ निघत राहते. आख्ख्या संध्याकाळी नसेल एवढा धूर विझवतानाच्या एका मिनिटात नाकात जातो. यापेक्षा लांब दांड्याची धातूची टोपी ज्योतीवर धरावी. ती नसेल तर लांब चिमट्याने किंवा वाकवलेल्या तारेने वात क्षणभर मेणात बुडवून लगेच सरळ उभी करावी. धूर जवळपास होत नाही, आणि मेण प्यायलेली वात पुढच्या वेळी पटकन पेटते. केस मोकळे असतील तर ज्योतीवर वाकण्याआधी मागे बांधून घ्यावेत.

मेण अंगावर सांडलंच तर ते ओढून काढायच्या मागे लागू नये. आधी वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरावं. बर्फ नको, टूथपेस्ट तर नकोच. मेण गार होऊन आपोआप सुटलं तर ठीक, कातडीला चिकटून बसलं किंवा मोठा फोड आला तर डॉक्टरांकडे जावं. अंगावर नायलॉन किंवा पॉलिस्टर असेल तर जास्त जपावं. ते कापड पेटल्यावर वितळून अंगाला चिकटतं.

उरलेलं पातळ मेण मोरीत ओतू नये. ते नळीत पुढे जाऊन गोठतं आणि मग प्लंबरला बोलवावं लागतं. विझवल्यावर वातीचं टोक लाल दिसत नाही ना, हे दिवा घालवून एकदा पाहावं. मेण आधी काचेसारखं पारदर्शक असतं, मग कडेपासून धुरकट होत जातं आणि शेवटी मधला ठिपका पांढरा होतो. याला तासभर तरी लागतो. तोवर पेल्याला हात लावू नये. तो ठिपकाही पांढरा झाला आणि पेला हाताला गार लागला, की मग खुशाल उलटा करावा आणि बुडाचा कागद वाचावा.